पत्त्याचा भाडेपट्टा

'थांगपत्ता' या शब्दात पत्त्याला थांगाची जोड आहे. पत्ता कळला की माणसापर्यंत पोहोचता येते, असा विश्वास त्यामागे दिसतो. संगणकांच्या जाळ्यात हा विश्वास कसा ढळला, ही कथा साहित्याच्या अभ्यासकांनाही विचारार्ह वाटावी, असे आम्हांस वाटते.

१९८१ साली आयपी प्रणालीचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्या काळी यंत्राचा पत्ता माणूस हाताने नोंदवीत असे. यंत्रे मोजकी आणि एका जागी खिळलेली होती. त्यामुळे ते निभावत होते. पुढे स्वतःची डिस्क नसलेले संगणक आले. सुरू होताना त्यांना आपला पत्ता ठाऊकच नसे. १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'रार्प' ही रीत मांडली: यंत्राने आपला हार्डवेअरचा क्रमांक सांगून आपला पत्ता विचारावा. ही पृच्छा मात्र त्याच तारेवरील शेजाऱ्यांपुरती पोहोचे. १९८५ च्या 'बूटपी'ने मध्यस्थामार्फत ती दूरच्या सर्व्हरपर्यंत नेली. तरीही कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, ही वही माणूसच भरीत असे.

खरा पालट १९९३ च्या 'डीएचसीपी'ने घडविला. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेल्या या नियमावलीने कायद्याच्या व्यवहारातला एक शब्द उचलला: 'लीज', म्हणजे भाडेपट्टा. नवखे यंत्र जाळ्यात येते आणि सर्वांना उद्देशून हाक घालते. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागून घेते, सर्व्हर मान्यता देतो. साधारणतः निम्मी मुदत सरली की यंत्र नूतनीकरण मागते. ते न झाल्यास मुदतीअंती तोच पत्ता दुसऱ्याच्या पदरी पडू शकतो.

घरात हे काम राउटर करतो. १९२.१६८ ने सुरू होणारे, खासगी वापरासाठी राखलेले पत्ते तो वाटतो. तेच पत्ते एकाच वेळी असंख्य घरांत नांदत असतात. बाहेर दिसतो तो राउटरचा पत्ता, आणि तोही बहुधा सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून मुदतीवर मिळालेला. विद्यापीठासारख्या मोठ्या जाळ्यात ठिकठिकाणचे राउटर ही हाक मध्यवर्ती सर्व्हरकडे पोहोचवितात.

या काटकसरीस कारण होते. ३२ बिटांचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच; त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटतात.

परिणामी, ओळखीचा पुरावा पत्त्यातून निसटून वहीत गेला. अमुक क्षणी तो पत्ता कोणाकडे होता, हे सांगते ती कंपनीची नोंद. ती नोंद चुकली तर? २००७ साली शिवाजी महाराजांविषयीच्या एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. पत्ता त्याच्या नावे चुकीने जोडला गेला होता. सुमारे ५० दिवस त्या निरपराध माणसाने तुरुंगात काढले.

हस्तलिखिताचा काळ तपासल्यावाचून आपण त्याचा कर्ता ठरवीत नाही. पोथीच्या बाबतीत आपण पाळतो तो संयम भाडेपट्ट्याच्या पत्त्यालाही लागू आहे. वेळेवाचून त्याचा अर्थच लागत नाही.