कर्नाळा : किल्ला पडला, पुढे काय?

१/ पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने सुमारे १२ किलोमीटर गेले की अंगठ्यासारखा एक सुळका दिसतो. तो कर्नाळा किल्ला.

२/ पनवेल व आपटा या खाडीवरील बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणे, हे त्याचे प्रयोजन. सुळक्याच्या तळाशी खोदलेली पाण्याची टाकी आजही शिबंदीच्या वास्तव्याची साक्ष देतात.

३/ १६६५च्या पुरंदर तहान्वये मोगलांस द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७०मध्ये शिवरायांनी तो परत मिळवला.

४/ १८१८मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला जिंकला. येथील किल्लेदारी फडके घराण्यातील अनंतरावांकडे होती. ती गेली, घराणे मात्र पायथ्याच्या शिरढोणातच राहिले.

५/ तेथेच ४ नोव्हेंबर १८४५ रोजी अनंतरावांचे नातू वासुदेव बळवंत जन्मले. १८७९मध्ये रामोशी बांधवांना संघटित करून त्यांनी इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभारले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

६/ शिरढोण महामार्गालगतच आहे. गड उतरल्यावर तेथील फडके वाडा पाहिल्याखेरीज कर्नाळ्याचा इतिहास पुरा होत नाही.