फुटबॉलच्या मैदानावरचा जुगाड आणि खेळाडूंची डोकी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. तो बराचसा हातानं खेळला जातो आणि त्यात प्रतिस्पर्ध्याची जमीन यार्डायार्डानं जिंकायची असते. चढाई करणाऱ्या ११ जणांच्या संघात पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी असतात. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. रांगेतला मधला गडी चेंडू मागे देतो, बाकीच्यांच्या हाती तो क्वचितच लागतो. समोरून येणाऱ्याला अंगानं अडवायचं आणि आपल्या चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, हेच त्यांचं काम. या अडवण्याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात.

या खेळाचा इतिहास बहुधा चेंडू घेऊन पळणाऱ्यांचा आणि फेकणाऱ्यांचा सांगितला जातो. मला मात्र या पाच जणांच्या सरावाचा इतिहास जास्त बोलका वाटतो. ब्लॉकिंग शिकायचं तर समोर धक्का खाणारा कुणीतरी हवा. तोही एकदा नव्हे, रोज शेकडो वेळा. सोबतचाच मुलगा उभा केला तर सामन्याआधीच निम्मा संघ जायबंदी व्हायचा. मग धक्का खायचा कुणी?

हा प्रश्न आपल्या आखाड्यांनाही पडला होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. तिथं लाकडी खांब हाच पहिलवानाचा जोडीदार. खांबाला दुखत नाही आणि तो थकतही नाही.

अमेरिकेत हीच वाट अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांनी धरली. धर्मोपदेशक होण्यासाठी येल विद्यापीठात शिकणारा हा तरुण उत्तम खेळाडू होता. १८८९च्या सुमारास त्यांनी जुनी गादी गुंडाळून टांगली आणि तिच्यावर झेप घेऊन गडी पाडण्याचा सराव सुरू केला. पुढे धर्मोपदेशकाची वाट सोडून ते प्रशिक्षक झाले. १८९२ ते १९३२ अशी ४० वर्षं त्यांनी शिकागो विद्यापीठाचा संघ घडवला. ब्लॉकिंग स्लेडचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. बर्फावरच्या घसरगाडीसारखा हा सांगाडा. खाली घसरपट्ट्या, पुढे भरलेल्या उशा, मागे एक फळी. खेळाडूंनी उशीला खांदा लावून सांगाडा रेटायचा. वजन वाढवायचं असेल तर प्रशिक्षक स्वतःच फळीवर उभा राहायचा.

तयार स्लेड विकत मिळू लागले तरी ते सगळ्यांना परवडणारे नव्हते. मग छोट्या शाळांच्या मैदानांवर हाताशी असेल ते कामाला आलं. जुने टायर, वाळूनं भरलेली पोती, सुताराकडची उरलेली लाकडं. यातल्या दोन युक्त्या आजही टिकून आहेत. पहिली, जमिनीवर ठेवलेली एक लांब फळी. खेळाडूनं तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पुढे रेटत जायचं. पाय जवळ आले की ते फळीवर पडतात, तोल जातो आणि चूक त्याची त्यालाच कळते. दुसरी, पाइप किंवा लाकडाचं बुटकं छप्पर. त्याखालून वाकूनच बाहेर पडावं लागतं. ताठ झालं की डोकं आपटतं. ब्लॉकिंगमध्ये ज्याचं अंग खाली, त्याचा जोर जास्त. हे तासभर समजावून सांगण्यापेक्षा छप्पर लवकर शिकवतं.

वंशभेदाच्या काळात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शाळांना तर गोऱ्यांच्या शाळांनी वापरून टाकलेली हेल्मेटं आणि खांद्याचे पॅड मिळत. त्याच सामानावर सराव करून त्यांनी नामवंत खेळाडू घडवले. लुईझियानातल्या ग्रॅम्बलिंगमध्ये १९४१ साली एडी रॉबिन्सन प्रशिक्षक झाले, तेव्हा मैदानावरचं गवत कापण्यापासूनची कामं त्यांनाच करावी लागत. १९९७मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर ४०८ विजय होते.

इथवर ही कौतुकाची गोष्ट आहे. पण साधन नुसता धक्का झेलत नाही, सवयही लावतं. १९०५च्या हंगामात वर्तमानपत्रांनी या खेळात १८-१९ मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घ्यावं लागलं. १९०६मध्ये नियम बदलले. पुढे कडक हेल्मेट आलं, त्याला चेहऱ्यासमोरची जाळी लागली आणि डोकं सुरक्षित आहे असा समज पसरला. अनेक प्रशिक्षक खांद्याऐवजी कपाळ आधी भिडवायला शिकवू लागले. स्लेडच्या उशीवरही तोच सराव होई. उशी परत मारत नाही, त्यामुळे त्यातला धोका तिथं कळत नव्हता. १९६८ या एका वर्षात मैदानावरच्या थेट इजांनी ३६ जणांचा जीव गेला.

१९७६मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या खेळात डोकं आधी भिडवण्यावर बंदी आली. १९७८मध्ये व्यावसायिक लीगनं पास अडवताना हात लांब करून तळवे वापरायला परवानगी दिली. तंत्र डोक्याकडून हातांकडे वळलं. १९९० साली थेट इजेनं झालेला एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

तरीही हिशेब संपला नव्हता. पिट्सबर्गचे नामांकित सेंटर माइक वेबस्टर १७ हंगाम खेळले आणि २००२मध्ये वयाच्या ५०व्या वर्षी वारले. नायजेरियातून आलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूत सततच्या आघातांमुळे होणारा आजार शोधला. लाइनमनच्या डोक्याला बसणारे धक्के अनेकदा लहान असतात, पण ते जवळजवळ प्रत्येक डावात बसतात. सराव धरला तर त्यांची मोजदाद अवघड आहे.

२०१०मध्ये डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी सरावात सहकाऱ्याला पाडणं बंद केलं. काही वर्षांत तिथल्याच अभियंत्यांनी रिमोटवर पळणारा, भरलेला पुतळा बनवला. स्टॅग यांच्या गादीला जणू चाकं लागली.

सव्वाशे वर्षांत साधनं बदलली. शाळेच्या मैदानावर कुणी आज टायर आणि फळी घेऊन मुलांना शिकवत असेल, तर त्याच्या साध्या सामानात मला कमीपणा दिसत नाही. तो टायर मुलाला काय भिडवायला शिकवतो, हात की डोकं, हे मात्र त्यानं रोज पाहायला हवं.