सरहद्दीची नदी

राळेगांव तालुक्याच्या पूर्वेस वर्धा नदी वाहते. राज्यकर्त्यांनीं तिच्याकडे प्रथम हद्दीची रेघ म्हणूनच पाहिलें. पाणी म्हणून तिचा विचार होण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. 1822 च्या तहानें नागपूरकर भोसले व निजाम यांच्यामधील सरहद्द म्हणून ती मुक्रर झाली. 1853 मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, तरी रेघ हलली नाहीं. अलीकडचा सारा कोणाचा आणि पलीकडचा कोणाचा, एवढेंच नदीनें सांगावयाचें! 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळलें, तेव्हां तिचें पाणी शेतांत नेणारा मोठा कालवा या भागांत नव्हता.

वास्तविक ही नदी एकट्या वऱ्हाडची कधींच नव्हती. तिचा उगम मध्यप्रदेशांत मुलताईजवळ. राळेगांवच्या खालीं तिला पैनगंगा मिळते, वैनगंगेच्या संगमानंतर ती प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरींत शिरते. वाटेकरी इतके, म्हणून 1969 सालीं न्यायमूर्ति बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालीं गोदावरी पाणी तंटा लवाद नेमला गेला. गंमत अशी कीं, लवाद बसलेला असतांनाच राज्यांनीं आपसांत तडजोडी केल्या. 6 ऑक्टोबर 1975 च्या करारांत महाराष्ट्र व आंध्रप्रदेश यांनीं लेंडी, निम्न पैनगंगा व प्राणहिता हे संयुक्त प्रकल्प मान्य केले, आणि 1980 च्या अंतिम निवाड्यांत अशा करारांना स्थान मिळालें. कृष्णेच्या कज्ज्याशीं ताडून पाहतां हें शहाणपणाचेंच झालें. 2014 सालीं तेलंगण वेगळें होऊन खालचा वाटेकरी मात्र बदलला.

पण करारांनीं पाणी वांटलें तें वर्षाच्या हिशेबानें. कपाशीचा हिशेब आठवड्यांचा असतो. पेरणीनंतर लांब उघडीप पडली तर कोंब करपतो. एका रात्रींत धो धो कोसळलें तर काळी जमीन चिबडते व मुळें कुजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील संशोधकांच्या पुढाकारानें 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें, 1950 ते 2015 या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. वर्षाची बेरीज बरोबर येऊनहि पीक बुडावें, अशी ही स्थिति आहे.

अशा वेळीं उपयोगी पडतें तें सांठविलेलें पाणी. वर्धेची उपनदी बेंबळा हिच्यावर बाभुळगांव तालुक्यांत धरण झालें असून त्याचा कालवा राळेगांवकडे येतो. महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्यानें, कालव्यावरील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना आपल्या वांट्याचें पाणी आपसांत वांटून घेण्याचा अधिकार दिला आहे. कोणती पाळी कोणाच्या शेताला केव्हां मिळावी, हा दोन राज्यांच्या करारांत न मावलेला प्रश्न आतां त्यांच्यापुढें आहे.