हिंदूराव आणि खऱ्याखोट्याचा कस

दिल्लीत 'हिंदूराव' म्हटलं की लोकांना इस्पितळ आठवतं. रिक्षावाल्याला नुसतं 'हिंदूराव' सांगितलं तरी तो सिव्हिल लाइन्सच्या बाजूनं रिजचा चढ चढायला लागतो. हे कुणा माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस कोल्हापूरजवळच्या कागलचा घाटगे होता, हे इथे सहसा कुणाला ठाऊक नसतं. आबांना ते ठाऊक होतं. मांडीचं हाड मोडून ते तीन आठवडे तिथे पडून होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या प्रत्येक नव्या पेशंटला ते सांगायचे, "ये अस्पताल हमारे गाँववाले का है."

आबांचं गाव विट्याजवळ. कागलपासून ते काही अगदी शेजारी नाही. पण दिल्लीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला एवढं अंतर चालतं. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, त्यांतलेच आबा. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीच्या एका अंधाऱ्या जिन्याखाली त्यांची भट्टी होती. जुने दागिने वितळवायचे, भेसळ काढायची, चोख सोनं परत द्यायचं. समोर आलेलं सोनं खरं की खोटं, हे ओळखण्यावरच त्यांची भाकरी अवलंबून होती.

त्या तीन आठवड्यांत माझा भाचा रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. एके दिवशी त्यानं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. "मावशी, तू इतिहास शिकवतेस. हे जरा बघ. खरं आहे ना?"

एका गटात पैसे गुंतवायचे, महिन्याला 20 टक्के परतावा. त्यानं 20 हजार भरले होते आणि पहिल्या महिन्याचे 4 हजार खात्यात आलेही होते. आता आबांच्या भट्टीची जागा सोडताना मिळालेल्या पैशांतले 2 लाख त्याला टाकायचे होते.

"पैसे आलेत, मावशी. मग खोटं कसं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या टेकडीच्या आणि त्या नावाच्या इतिहासातच कुठेतरी आहे असं मला वाटलं, आणि पुढचे काही दिवस मी तेच धुंडाळत राहिले.

हिंदूराव हा सर्जेराव घाटग्यांचा मुलगा आणि बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. 1798 साली पुण्यात बायजाबाईचं लग्न दौलतराव शिंद्यांशी झालं. दुसऱ्या बाजीरावानं पेशवाई मिळवताना दौलतरावांना मोठी रक्कम कबूल केली होती, आणि ती द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा ते पुण्यातल्या सावकार-कारभाऱ्यांकडून वसूल करायची मोकळीक सर्जेरावाला मिळाली. त्यानं माणसांना मारहाण केली, तापलेल्या तोफांना बांधलं, काहींचे त्यात जीव गेले. पैसा मिळवायचा हा एक मार्ग. त्यात फसवणूक नव्हती. कुणी कुणाला नफ्याचं आमिष दाखवलं नाही. लुटलं जातंय हे ज्याचं त्याला कळत होतं.

त्याच सर्जेरावाची मुलगी पुढे दुसऱ्या टोकाला गेली. 1827 मध्ये दौलतराव वारल्यावर बायजाबाईनं सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार चालवला. तिला हुंडी, व्याज, तारण यांतलं उत्तम कळत होतं. उज्जैन आणि बनारसच्या सराफी पेढ्यांत तिचा पैसा फिरत होता आणि कंपनी सरकारनंही तिच्याकडून कर्ज घेतलं होतं. हा दुसरा मार्ग. सावकाराला कुणी प्रेमानं आठवत नाही. पण त्याच्या व्याजाला पाया असतो. कर्ज घेणारा अफू, कापूस, धान्य यांचा व्यापार करतो, त्या नफ्यातून व्याज देतो, आणि तो बुडाला तर तारण असतं. पैसा कुठून येतो, हे विचारलं तर उत्तर मिळतं.

1833 मध्ये बायजाबाईला ग्वाल्हेर सोडावं लागलं. तिचा हा भाऊ दिल्लीत स्थिरावला. रिजवरचा विल्यम फ्रेझरचा बंगला त्यानं विकत घेतला. फ्रेझरचा 1835 च्या मार्चमध्ये खून झाला होता. बंगल्याला हिंदूरावाचं नाव चिकटलं ते कायमचं. 1857 मध्ये याच बंगल्याभोवती इंग्रजांनी मोर्चा धरला आणि दिल्लीवर तोफा डागल्या. पुढे तिथेच इस्पितळ झालं.

इस्पितळाजवळ सम्राट अशोकाचा एक स्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं तो मेरठहून आणवला. फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि 1867 मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. लांबून तो अखंड दिसतो, सांधे दिसायला जवळ जावं लागतं. भाच्याला मी तिथे घेऊन गेले, ते थोडं चालावं म्हणून, आणि वॉर्डात आबांसमोर हे बोलायचं नव्हतं म्हणूनही.

त्याला मी मुंबईची गोष्ट सांगितली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इथवर सगळं खरं होतं. कापूस खरा, गिऱ्हाईक खरं, नफा खरा. पण मुंबईत आलेला तो पैसा ठेवायला जागा पुरेना, तेव्हा कंपन्या निघू लागल्या: बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅकबे रेक्लमेशनचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांवर गेला. त्या किमतीला तो घेणाऱ्यांतले किती जण समुद्रातून किती जमीन निघेल, ती कधी विकली जाईल, याचा हिशेब करत होते? उद्या आपल्याकडून कुणीतरी जास्त भावानं घेईल, एवढ्याच भरवशावर घेणारेच जास्त होते.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. त्यांना भामटा म्हणता येत नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा आहे. आणि बँक ऑफ बॉम्बे तर सरकारची भागीदारी असलेली बँक. तिनंच शेअरच्या तारणावर पैसे वाटले. 1865 च्या एप्रिलमध्ये जनरल लीनं शरणागती पत्करली, युद्ध संपलं, कापूस उतरला. त्या वर्षीच्या 1 जुलैला वायद्यांचे व्यवहार चुकते करायचे होते. त्या दिवशी कुणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळी 2,850 रुपयांवर गेला होता, तो 87 रुपयांना विकला गेला. 1868 मध्ये ती बँकही बुडाली.

"म्हणजे सरकारचा शिक्का असूनही?" भाच्यानं विचारलं.

शिक्का असूनही. म्हणून 'रजिस्टर्ड आहे' हे उत्तर पुरत नाही. कंपनीची नोंदणी कुणीही करू शकतो. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी आहे का, आणि ती कुणी दिली, हा वेगळा प्रश्न असतो, आणि तो रिझर्व्ह बँकेकडे किंवा सेबीकडे तपासता येतो. 1978 मध्ये पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला, 1999 मध्ये महाराष्ट्रानं ठेवीदारांसाठी स्वतःचा कायदा केला, 2019 मध्ये विनापरवाना ठेवींवर देशभर बंदी आली. इतके कायदे करावे लागले, यावरूनच हा रोग किती चिवट आहे ते कळतं.

तिसरा मार्ग मात्र सर्जेरावाचाही नव्हे आणि बायजाबाईचाही नव्हे. 1920 मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीनं 45 दिवसांत 50 टक्के नफा देऊ केला. म्हणे, परदेशात टपालाची उत्तरी कुपनं स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत महाग तिकिटांशी बदलायची. ऐकायला पटणारं. मग कुणीतरी हिशेब केला: त्यानं घेतलेल्या पैशांच्या मानानं 16 कोटी कुपनं लागली असती, आणि जगात फिरत होती सुमारे 27 हजार. जुन्या लोकांना मिळणारा नफा म्हणजे नव्या लोकांचं मुद्दल होतं.

आणि हे लांबचं वाटत असेल तर दिल्लीचंच घ्या. इथली 'स्टॉक गुरू' योजना महिन्याला 20 टक्के, सहा महिने, आणि मग मुद्दल परत, असं सांगत होती. ती चालवणाऱ्या जोडप्याला 2012 च्या नोव्हेंबरात पकडलं ते आपल्या रत्नागिरीत. 20 टक्के हा आकडा ऐकून भाचा गप्प झाला.

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. महिन्याला 20 टक्के खरंच मिळवता येत असतील, तर 10 हजारांचे वर्षात सुमारे 89 हजार होतात, आणि तीन वर्षांत जवळजवळ 71 लाख. ज्याला ही विद्या येते तो स्वतःचे 10 हजार लावून घरी बसेल. तुझे 2 लाख मागायला तो तुझ्या मोबाइलवर कशाला येईल?

"पण माझे 4 हजार आले," तो पुन्हा म्हणाला. हे त्याचं म्हणणं कमी लेखण्यासारखं नव्हतं. फसलेला प्रत्येक माणूस इथेच फसतो. पाँझीकडेही पहिल्या लोकांना पैसे मिळालेच होते.

त्याचं उत्तर शेवटी आबांनी दिलं. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतंच.

"सोनं कसोटीवर घासलं की कस वरच्या थराचा कळतो," ते म्हणाले. "आत शिसं असलं तरी वरची रेघ पिवळीच येती. तेजाब घातलं तरी तीच. म्हणून नवीन माणसाचा माल मी कापल्याशिवाय घेतला नाही कधी. तुझे 4 हजार म्हंजी वरची रेघ."

मग थोडं थांबून त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. 1996 मध्ये त्यांनी सागाच्या झाडांच्या एका योजनेत 40 हजार घातले होते. वीस वर्षांनी लाखो रुपये मिळणार होते. त्या काळी अशा योजनांचं पेव फुटलं होतं. त्यांना आवर घालायला सेबीचे नियम 1999 मध्ये आले. तोवर आबांच्या कंपनीचं ऑफिस बंद झालं होतं. "झाडं कुठं हायत, हे बघायला मी एकदाबी गेलो नाही," ते म्हणाले. "सोनं कापून बघणारा माणूस मी. कागद तेवढा नीट घडी घालून ठेवला." आईला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली.

आबा भिशीत मात्र आयुष्यभर होते. कूचा महाजनीतली गलाईवाल्यांची भिशी. वीस जण, दरमहा ठरलेली रक्कम. तीत कुणी श्रीमंत झालं नाही. जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं, आणि पळालेल्या माणसाचं गाव सगळ्यांना ठाऊक होतं.

भाच्यानं त्या रात्री गटात एकच प्रश्न टाकला: हा नफा नेमका कोणत्या धंद्यातून येतो? सकाळपर्यंत त्याला गटातून काढून टाकलं होतं. त्याचे 16 हजार गेले. सायबर पोलिसांकडे तक्रार केली आहे, त्याचं काही होईल असं मला वाटत नाही. 2 लाख बँकेत आहेत.

आबा घरी आले. घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून सागाच्या योजनेचा तो कागद काढायला लावला आणि भाच्याच्या हाती दिला. फाडू नको म्हणाले, जपून ठेव. कागदावर वर डाव्या कोपऱ्यात एक हिरवं झाड छापलेलं आहे, छान, भरगच्च पानांचं.