छायाचित्रकार फाळके : यंत्र आणि दृष्टि

आश्विनांत कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यानें पायीं चालणाऱ्या भाविकांची रीघ लागते. वाटेंत तामलवाडी लागते आणि पुढें बालाघाटाच्या कडेवर भवानीचें ठाणें. अनवाणी चालणाऱ्या त्या मेळाव्यांत आज बहुतेकांच्या मुठींत फोन असतो व त्या फोनांत कॅमेरा. कोणी उगवतें बिंब टिपतो, कोणी सोबत्यांचे थकलेले पाय, कोणी स्वतःचीच मुद्रा. एके काळीं यात्रेची आठवण म्हणून फोटोवाल्याच्या रंगीत पडद्यापुढें श्वास रोखून उभें राहावें लागे. आतां चित्र निघण्यास निमिषही लागत नाहीं. मग ह्यांत कला म्हणून कांहीं उरली काय, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. प्रश्न नवा नाहीं. महाराष्ट्रांत एका छायाचित्रकारास तो आयुष्यभर पुरला, आणि त्यानें त्याचें उत्तर शब्दांनीं थोडें व हातांनीं फार दिलें.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर ह्याची कृति जाहीर झाली आणि थोडक्याच अवधींत कॅमेरा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागला. १८५४ सालीं मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे विद्वान् गृहस्थ तींत होते. त्या वेळीं ओल्या कांचेची रीत होती. कांचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि वाळण्यापूर्वीं धुऊन काढावयाची. बाहेरगांवीं जावयाचें तर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी आणि ओझेकरी हें सारें बरोबर. पुढें १८८० च्या सुमारास तयार कोरड्या कांचा सर्रास मिळूं लागल्या. १८८८ सालीं अमेरिकेंत ईस्टमन ह्यानें शंभर चित्रांची गुंडाळी आंत भरलेली कोडॅक पेटी विकावयास काढली. खटका दाबावा आणि पेटी कारखान्याकडे धाडून द्यावी. धुण्याचें काम कारखाना करी. जें कौशल्य लोकांनीं वर्षानुवर्षें कमावलें होतें, तें एका खटक्यानें अनावश्यक ठरलें.

ह्याच संक्रमणाच्या काळांत धुंडिराज गोविंद फाळके वयांत आले. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्या अगोदर कित्येक वर्षें ते छायाचित्रकार होते, हें सहसा लक्षांत राहत नाहीं. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. नंतर बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकला, मूर्तिकला, वास्तुकला आणि छायालेखन ह्यांचा अभ्यास केला. पुढें गोध्र्यास त्यांनीं फोटोचें दुकान थाटलें. तेथें संसार व धंदा मार्गीं लागतो न लागतो तोंच प्लेग आला आणि त्यांत पत्नी व मूल दोन्ही गेलीं. फाळक्यांनीं तें गांव सोडलें.

१९०३ सालीं ते पुराणवस्तु खात्यांत नोकरीस लागले. ती सोडल्यावर त्यांनीं लोणावळ्यास ठसे खोदण्याचा व छपाईचा कारखाना काढला आणि पुढें तो दादरास आणला. कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र दगडावर किंवा धातूवर उतरवून त्याच्या हजारों प्रती काढावयाच्या, ही त्या काळची नवी विद्या होती. रंगीत चित्रासाठीं तर एकाच चित्राचे निरनिराळ्या रंगीत कांचांतून तीन वेळां फोटो घ्यावे लागत. त्यांवरून तीन ठसे करून पिवळा, तांबडा व निळा असे रंग एकावर एक अचूक बसवावे लागत. केसाएवढा ठसा सरकला तरी मुखावर ओठ दोन दिसत. ह्याच विद्येचीं नवीं यंत्रें पाहण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले. सारांश, चाळिशी गांठण्यापूर्वीं ह्या गृहस्थानें एक यंत्र खालीं ठेवून दुसरें हातीं घेण्याचा प्रयोग दोनदां केला होता.

तिसरा प्रयोग सर्वांत धाडसाचा. मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभीं राहिलीं, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. त्यानंतर कांहीं महिने चित्रपटांच्या अभ्यासांत त्यांनीं डोळ्यांवर इतका ताण दिला कीं, दृष्टि जाण्याची वेळ आली. ती उपचारांनीं परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनला निघाले. तेथें यंत्रांची माहिती करून घेऊन विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र व इतर साहित्य खरेदी करून ते परतले.

आतां भांडवल कोण देणार? फाळक्यांनीं कुंडींत एक वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागीं खिळवून ठेवला आणि ठराविक अंतरानें एक एक चौकट टिपीत गेले. कोंब फुटला, पानें आलीं, वेल चढूं लागला. कॅमेरा जागचा हालला नाहीं. मूकपटाच्या काळीं सेकंदास सुमारें १६ चौकटी पडद्यावरून जात. म्हणजे अर्ध्या मिनिटाचें दृश्य हवें तर खटका सुमारें ४८० वेळां दाबावयास हवा. हें चित्र ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं रोप स्वतः वाढतांना पाहिलें. आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून प्रसिद्ध असलेली ही लहानशी फिल्म म्हणजे छायाचित्रकार फाळक्यांचें मतच होय. यंत्र नवें होतें, पण त्यांत ओतलेला धीर जुन्याच कॅमेऱ्याजवळ शिकलेला होता. खटका दाबणें सोपें खरें. काय दिसावें हें अगोदर डोळ्यांपुढें आणून त्याची वाट पाहणें सोपें नाहीं.

ह्या कामांत त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई ह्यांचा वाटा मोठा होता. फिल्मला त्या वेळीं घरींच भोकें पाडावीं लागत, आणि तीही अंधारांत, कारण उजेडाचा किरण लागला कीं फिल्म फुकट. तें काम आणि फिल्म धुण्याचें काम बाई शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळीं उन्हांत पांढरी चादर धरून पात्रांच्या मुखांवर उजेड पाडण्याचें कामही त्यांनीं केलें. घरांतल्या मंडळींचा स्वयंपाक वेगळाच. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, तेव्हां त्यामागें ह्या रात्री होत्या.

फाळके जादूगारही होते. स्वतःचें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नांवानें ते प्रयोग करीत. जादूगार आपली खुबी कोणास सांगत नाहीं. तीच त्याची मिळकत. परंतु १९१७ च्या सुमारास ह्याच गृहस्थानें चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारा चित्रपट काढून आपला सारा कारखाना प्रेक्षकांपुढें उघडा केला. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकांत भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहून त्यांनीं आपली वाटचाल सांगितली. चित्रकला, वास्तुकला, छायालेखन, नाट्य व जादू ह्यांचा जो अभ्यास झाला होता, त्याच्या बळावरच आपणांस हें साधेल असा भरंवसा वाटला, असा त्यांतील आशय आहे. तंत्र ज्यास इतकें मोलाचें, त्यानें तें इतक्या सहज वाटून कां टाकावें? कारण उघड आहे. तंत्र शिकवितां येतें, आणि जें शिकवितां येतें तें आज ना उद्यां सर्वांचें होतें. वाटाण्याच्या कुंडींत अरण्य पाहणारी दृष्टि मात्र ज्याची त्यानें कमवावयाची असते.

येथेंच थांबल्यास गोष्ट गोड होईल, पण ती पुरी होणार नाहीं. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला आणि मूकपटाचे दिवस भरले. फाळक्यांच्या ‘सेतुबंधन’ ह्या मूकपटास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ सालीं कोल्हापुरास त्यांनीं ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला आणि तोच शेवटचा ठरला. ज्यानें तीन वेळां नवें यंत्र आपणहून उचललें, त्यास चौथ्या वेळीं यंत्रानें मागें टाकलें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास त्यांचें निधन झालें. त्यांच्या पुष्कळ चित्रपटांची फिल्म नाशवंत असल्यामुळें नष्ट झाली. जे थोडे अवशेष हातीं लागले, ते १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जपले. यंत्र करणाऱ्यांचें तरी काय झालें? खटक्याची पेटी घरोघर पोंचविणारी कोडॅक कंपनी फिल्मवांचून चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या युगांत २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठीं न्यायालयांत गेली. नव्या यंत्राशीं सदैव जमेल अशी हमी कोणासच नाहीं. शोधकासही नाहीं आणि कलावंतासही नाहीं.

तरी ‘कालियामर्दन’ ह्या १९१९ च्या चित्रपटाच्या आरंभीं फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून एकामागून एक भाव बदलते, तें दृश्य अद्याप ताजें वाटतें. त्यांत आवाज नाहीं, रंग नाहीं. एका छायाचित्रकारानें बालमुखावरील भावाची वाट पाहिली आणि तो येतांच टिपला, एवढेंच आहे.

तामलवाडीच्या रस्त्यावर पहांटेच्या गर्दींत हजार खटके दाबले जातील. त्यांत एखादी मुलगी क्षणभर फोन खालीं करील, आजीचा हात काठीवर कसा पडतो हें पाहील, आणि पुन्हां तसा पडेपर्यंत थांबेल. तिला फाळक्यांचें नांव ठाऊक नसेल. पण त्यांच्या धंद्यांतलें मर्म तिला सांपडलेलें असेल.