मुंबईचा घरमालक आणि भाड्याचा हिशेब

गाठीला जमलेली पुंजी घरात गुंतवावी आणि दरमहा हाती येणाऱ्या भाड्यावर उतारवयात निर्वेध राहावे, ही आकांक्षा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे; परंतु तिच्या पूर्तीसाठी जो प्रथमच एखादी मिळकत विकत घेऊ पाहतो, त्याने दलालाकडे जाण्यापूर्वी मुंबईतील चाळमालकांचा इतिहास समजून घ्यावा, असे मला आग्रहपूर्वक सांगावेसे वाटते. भाड्यासाठी घरे बांधण्याचा व्यवसाय या प्रांतात याच शहरात सर्वाधिक विस्तारला, त्याने अमाप संपत्ती दिली, आणि पुढे त्याच संपत्तीचे ओझे मालकाच्या वारसांना सोसवेनासे झाले.

1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या कापडगिरणीची स्थापना केली, 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि युद्ध संपताच झालेल्या पडझडीतून सावरून गिरणगाव वाढू लागला, तेव्हा रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतून आलेल्या हजारो श्रमिकांना गिरणीच्या भोंग्याच्या अंतरात निवारा हवा होता. ही निकड ओळखून व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी चाळी उभारल्या: पुढे लांबच लांब गॅलरी, तिच्या कडेने ओळीने एकखणी खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक मोरी, नळ आणि शौचकूप. जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर अनेक बिऱ्हाडे बसत असल्यामुळे एकेका खोलीचे भाडे अल्प असले तरी एकूण वसूल भरघोस होई. पुष्कळ मालक तर स्वतः तगाद्याला न जाता अख्खी चाळ मक्त्याने देत. मक्तेदार ठरलेली रक्कम मालकाला पोचवी आणि बिऱ्हाडकरूंकडून त्याहून अधिक उगवून घेई. अशा मालकाला खोलीत किती माणसे राहतात, छप्पर गळते की नाही, मोरी तुंबली आहे काय, याची खबरच नसे, आणि माझ्या मते या व्यवसायाच्या ऱ्हासाचे बीज याच अलिप्ततेत पडलेले होते.

त्याचे पहिले भयंकर फळ 1896 मध्ये दिसले. मांडवीच्या दाट वस्तीत गाठीचा ताप पसरू लागला आणि तो प्लेग असल्याचे निदान गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी केले. कोंदट, अंधाऱ्या इमारतींचा आणि मृत्यूचा संबंध सरकारच्या ध्यानात आल्यावर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पुढे गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 च्या सुमारास, सरकार स्वतःच घरमालक होऊ निघाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून 207 सिमेंटच्या चाळी बांधल्या गेल्या, प्रत्येकीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. या खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे कर बसवला गेला. परंतु वरळीसारखी ठिकाणे गिरण्यांपासून दूर पडत आणि भाडे मजुराच्या ऐपतीबाहेरचे होते, त्यामुळे अनेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, इतक्या की कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. शासनाची तिजोरी पाठीशी असूनही रिकाम्या खोलीने भाडे दिले नाही. पहिले घर घेणाऱ्याने स्वस्त दराला न भुलता, राहणाऱ्याच्या नोकरीचे ठिकाण आणि त्याचा पगार या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, हे सांगण्यास मला या उदाहरणाहून सबळ दाखला ठाऊक नाही.

आता कायद्याकडे वळू. पहिल्या महायुद्धातील महागाईच्या काळात, 1918 मध्ये, भाड्यावर तात्पुरते निर्बंध आले आणि कालांतराने उठले. परंतु दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्याने परिस्थिती इतकी बिकट केली की 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, मुळात मर्यादित मुदतीचा असूनही, वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच बहुतांशी प्रमाणभूत ठरले. बेघर होण्याच्या भीतीतून लाखो कुटुंबांना या कायद्याने वाचवले, ही गोष्ट कोणत्याही मालकाने नाकारू नये. तथापि, वाळू, चुना, मजुरी आणि पालिकेचा कर वाढत गेले आणि भाडे मात्र जागच्या जागी गोठले, तेव्हा दुरुस्तीची जबाबदारी कागदावर मालकाची आणि प्रत्यक्षात कोणाचीच उरली नाही. वाशांना वाळवी लागली, जिने खचले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर 1969 मध्ये सरकारला जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचे मंडळ नेमावे लागले.

याच गोठलेल्या भाड्यातून पागडी, म्हणजे खोलीच्या ताब्यासाठी भाड्याव्यतिरिक्त दिली जाणारी एकरकमी रक्कम, फोफावली. ती घेणे मालकासाठी गुन्हा असतानाही खोलीचा ताबा हजारो, पुढे लाखो रुपयांना हस्तांतरित होई, आणि मालकाला बहुधा तिसरा हिस्सा आणि बदललेल्या नावाची भाडेपावती एवढेच दोन व्यवहार उरले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभूत भाड्याच्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी ठरल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मान्य केली. म्हणून गिरगावात वा परळला पागडीची खोली घेणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे की त्याला भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही.

आजचा छोटा गुंतवणूकदार बहुधा लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्याच्या, करारावर घर देतो. हा मार्गही निर्धोक नव्हता; 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानाधारक जागेत होते त्यांना कायद्याने भाडेकरूंचे संरक्षण दिले आणि असंख्य मालक अवाक झाले. सध्याच्या कायद्यात मुदत संपूनही न हलणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट शुल्क वसूल करता येते. परंतु करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी करार नसल्यास अटींविषयी घरात राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर देणाऱ्यांची भलाई मी जाणतो, तरीही त्यांना माझे कळकळीचे सांगणे हेच की दस्तऐवज करा. त्याने स्नेहात अंतर पडत नाही.

राहिला हिशेब. समजा, 40 लाखांचे घर दरमहा 10,000 रुपयांनी दिले. वर्षाचे 1,20,000 म्हणजे 3 टक्के, असे म्हणून नवखा माणूस समाधान मानतो. पण एक महिना घर रिकामे राहिले तर 1,10,000 उरतात. सोसायटीचे दरमहा 2,000 धरून 24,000 गेले, कर आणि रंगरंगोटी-दुरुस्तीला 16,000 लागले, तर हाती 70,000 येतात, म्हणजे पावणेदोन टक्के. कर्जाचे व्याज असल्यास तेही याच्यातून जाणार. किंमत वाढेल या आशेवर ही तूट सोसायची असेल तर सोसावी, परंतु ती आशा आहे हे स्वतःशी कबूल करून सोसावी. आणि दुरुस्तीची रक्कम पहिल्या महिन्यापासून वेगळी काढावी, कारण चाळमालकांनी नेमकी तीच काढली नव्हती.

घर पसंत पडले तरी बयाणा देण्यापूर्वी मागील भाड्याचे करार, पालिकेच्या कराच्या पावत्या, सोसायटीचा ताळेबंद आणि इमारतीच्या बांधणीचे वर्ष मागून घ्या; जो विक्रेता हे कागद दाखवत नाही, त्याचे घर घेऊ नका.