ड्रायव्हर गेला कुठे?

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळ एका प्रिंटरच्या भांडणात आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो वेगवान होता, पण कागद अडकायचा, आणि ते कळायचं नाही. आधीच्या प्रिंटरवर तिथल्याच प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमनने तोड काढली होती: कागद अडकला की छपाईसाठी खोळंबलेल्यांच्या पडद्यावर निरोप झळके. नव्यावर तेच करायचं, तर सोर्स कोड नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण गुप्ततेचा करार झालेला, त्यामुळे साफ नकार मिळाला. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला.

गंमत अशी, की या घराण्यातल्या लिनक्सला पुढे सर्वांत जास्त छळलं ते प्रिंटरनेच. बर्कलीच्या युनिक्समधून आलेली एलपीडी ही छपाईची व्यवस्था फाइल रांगेत लावून पुढे ढकलायची, पण 'दोन्ही बाजूंना छापतोस का?' हे प्रिंटरला विचारायची सोय तिच्यात नव्हती. त्यात प्रिंटरशी बोलायला लागणारा ड्रायव्हर कंपन्या बहुधा विंडोजपुरताच द्यायच्या.

मायकेल स्वीटचं 'कप्स' हे छपाईचं नवं सॉफ्टवेअर १९९९ मध्ये आलं. एलपीडी सोडून त्याने नवाकोरा आयपीपी हा प्रोटोकॉल धरला. आयपीपी वेबच्याच एचटीटीपीवर चालतो. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' टाकलं की कप्सचं पान उघडतं, कारण ६३१ हा आयपीपीचाच पोर्ट. २००२ मध्ये ॲपलने कप्स मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये विकतच घेतलं.

राहिला प्रश्न प्रिंटर शोधण्याचा. ॲपलटॉकच्या जमान्यात मॅकला तो आपोआप सापडे. तीच सोय इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर आणायचा ध्यास स्टुअर्ट चेशायरने घेतला, त्यातून एमडीएनएस आलं. लिनक्सवर हे काम अवाही करतं. (अवाही हे मादागास्करमधल्या एका लेमूरचं नाव.) लॅपटॉप २२४.०.०.२५१ या पत्त्यावर 'आयपीपीवाला कुणी आहे का?' अशी हाळी देतो. प्रिंटर उत्तरात नाव, मॉडेल, रंगीत छापतो का, कोणती फाइल-स्वरूपं समजतात, हे सगळं सांगून टाकतो.

पण ड्रायव्हरचा काटा खरा काढला तो फोनने. आयफोनवर कंपनीगणिक ड्रायव्हर कोण चढवणार? म्हणून २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं: ठरावीक स्वरूपं प्रिंटरनेच समजून घ्यायची. फोनवाल्या गिऱ्हाइकासाठी कंपन्या मुकाट तयार झाल्या. प्रिंटर वर्किंग ग्रुपनेही आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक त्याच वाटेने बांधलं, आणि कप्सला दोन्ही बोलता येऊ लागली. लिनक्सवाल्यांच्या विनवण्यांना जे जमलं नव्हतं, ते बाजाराने करून दिलं.

तेव्हा नवा प्रिंटर घेताना खोक्यावर 'लिनक्स' शोधत बसू नका, 'एअरप्रिंट' आहे का ते पाहा. आणि प्रिंटर यादीत दिसला नाही, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी तीन गोष्टी तपासा: लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना, फायरवॉलने एमडीएनएसचा यूडीपी ५३५३ हा पोर्ट अडवलेला नाही ना, आणि प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवाला असेल, तर राउटरने तो पट्टा बंद ठेवलेला नाही ना.